मिहिकाची निवड

फोनमधला ग्राइंडर बंद झाला तेव्हाच उपेंद्रने तोंड आवरायला हवं होतं. तोवर पलीकडून नुसती लोखंड घासल्याची घरघर येत होती, आणि तिच्यात "मिहिकाचे बाबा बोलताय ना?" हे त्याला तीनदा ओरडून विचारावं लागलं होतं. मग पलीकडे कुणीतरी "अरे बंद कर, बच्ची के स्कूल से फोन है" म्हणून ओरडलं आणि एकदम अशी शांतता झाली की उपेंद्रला स्वतःचाच आवाज ऐकू यायला लागला. "मिहिकाच्या प्री-बोर्डच्या मार्कांबद्दल बोलायचं होतं," तो म्हणत होता, "तुम्ही अजिबात काळजी करू नका." "मार्क?" पलीकडचा माणूस म्हणाला. "मार्क कुठं कळलेत अजून? ओपन हाऊस शनिवारी हाय न्हवं?" झालं. ओपन हाऊस काल झालेलं असणार, पालकांना सगळं समजलेलं असणार, घरोघरी रडारड होऊन गेलेली असणार, अशा हिशोबानेच उपेंद्र सकाळी आठ वाजता यादी पुढ्यात घेऊन बसला होता. "नाही नाही, मार्कांचं नाही," तो घाईघाईने म्हणाला, "मी शाळेतून नाही, कॉलेजमधून बोलतोय. दुबईहून. म्हणजे कसं, आमच्या कॉलेजने काही विद्यार्थ्यांची निवड केली आहे..." निवड! हा शब्द कुठून आला देव जाणे. माणूस घसरताना जे हाताला लागेल ते धरतो, तसा तो त्याने धरला. "निवड?" पलीकडचा आवाज बदलला. "मिहिकाची? काय सांगताय काय!" आणि फोन तोंडापासून लांब धरून तो माणूस अख्ख्या वर्कशॉपला ऐकू जाईल असा ओरडला, "मेरी बेटी का कॉलेज में सिलेक्शन हो गया! दुबई से फोन है!" टाळ्या वाजल्या. कुणीतरी लोखंडावर हातोडीने ठणठण केलं. उपेंद्र फोन कानाला लावून ते सगळं ऐकत राहिला. मग तो माणूस, सुरेश त्याचं नाव, धापा टाकत म्हणाला, "सर, सव्वादहाला चहाची सुट्टी होती आमची. कंपनीची पिकअप घेतो आणि तडक शाळेत जातो. मॅडम लोकांचे पाय धरायला पाहिजेत." आणि फोन ठेवूनही दिला.

आता उपेंद्र काही वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट माणसाला अशा वेळी घाम फुटत नाही. दुबईच्या अल कुसैसमध्ये एका सुपरमार्केटच्या वर, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर त्याचं कॉलेज होतं: एक वर्षाचा फाउंडेशन कोर्स आणि पुढे दोन वर्षांचा डिप्लोमा. बारावीची मुलं तिथे आणायची हे त्याचं काम. व्हिजिटिंग कार्डावर मोठं नाव होतं, स्टुडंट रिक्रूटमेंट ऑफिसर. काम असं की शारजापासून मुसफ्फापर्यंतच्या भारतीय शाळांत जायचं, करिअर फेअरला टेबल मांडायचं, निळा टेबलक्लॉथ पसरायचा, पेनं आणि पिशव्या वाटायच्या आणि मुलांकडून कार्डं भरून घ्यायची. पण हे झालं दिसायचं काम. कार्डं भरून कुणी कॉलेजला येत नाही, पेनासाठी भरतात पोरं. खरं काम यादीवर चालायचं. दर वर्षी जानेवारीत, प्री-बोर्डचे पेपर तपासून झाले की, काही शाळांतल्या समुपदेशक मॅडम एक यादी पाठवायच्या: दोन किंवा जास्त विषयांत नापास झालेल्यांची. बदल्यात कॉलेज शाळेच्या स्पोर्ट्स डेला टी-शर्ट द्यायचं. कुणाला यात काही गैर वाटत नव्हतं. ओपन हाऊसला पालकांच्या हातात मार्क पडले की दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करायचा, हा नियम उपेंद्रचा नव्हता, त्याच्या साहेबाचा होता. साहेब म्हणजे विघ्नेश, बत्तीस वर्षांचा, चेन्नईचा, उपेंद्रपेक्षा वीस वर्षांनी लहान. "सर, चोवीस तास," तो प्रत्येक मीटिंगमध्ये सांगायचा. "चोवीस तास पेरेंट घाबरलेला असतो. तिसऱ्या दिवशी त्याला परत इंजिनिअरिंगची स्वप्नं पडायला लागतात. यल्ला, कॉल देम." आणि उपेंद्र फोन करायचा. घाबरलेल्या माणसाशी मराठीत, मायेनं बोलणारा आवाज त्याच्याकडे होता, त्यासाठीच त्याला ठेवलं होतं.

त्याने मोबाइल चाळला. समुपदेशक फिझा मॅडमचा चार दिवसांपूर्वीचा मेसेज. यादी, खाली सलाम, सलामाखाली तीन ओळी, आणि त्या ओळींत स्वच्छ लिहिलेलं की या वर्षी ओपन हाऊस पुढच्या शनिवारी आहे, तोवर कुणालाही फोन करू नका, मुलांनाही मार्क दाखवलेले नाहीत. त्याखाली उपेंद्रचा अंगठा. पिवळा, गुबगुबीत, टेचात उभा. शेवटपर्यंत न वाचता त्याने तो पाठवला होता, कारण यादीत किती नावं आहेत एवढंच त्याला बघायचं होतं. कपाळावर हात मारून घ्यावा असं त्याला वाटलं, पण समोरच्या टेबलाशी रिसेप्शनिस्ट बसली होती. यादीत अकराव्या ओळीवर मिहिका होती. सायन्स. मॅथ्स, ऐंशीपैकी अकरा. फिजिक्स, सत्तरपैकी एकोणीस. दोन तासांनी तिचा बाप शाळेत जाणार, कुणातरी मॅडमचे पाय धरणार, आणि ती मॅडम म्हणणार, कसलं सिलेक्शन, तुमची मुलगी दोन विषयांत नापास आहे. सगळ्यांसमोर. रिसेप्शनवर. त्या पोरीला वर्गातून खाली बोलावून. सतरा वर्षांची पोर. त्याला एकदम जिना दिसला, शाळेच्या इमारतीचा चार मजली जिना. असं काही होत नाही, त्याने स्वतःला बजावलं. होतं, दुसऱ्या क्षणी तोच म्हणाला, पेपरात वाचतो आपण. त्याने गाडीची किल्ली उचलली. कुठे, कशाला, काही न सांगता तो खाली उतरला तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती.

बाहेर धुकं होतं. जानेवारीतलं धुकं, एरवी बायका-पोरं ज्याचे फोटो काढून गावाकडे पाठवतात ते. बिल्डिंगांचे वरचे मजले गायब झाले होते. शेख मोहम्मद बिन झायेद रोडला लागेपर्यंत त्याने चार वेळा घड्याळ पाहिलं. मिहिकाची शाळा अबुधाबीजवळ मुसफ्फात, एरवी सव्वा तासाचा रस्ता. पण अबुधाबीची हद्द लागली की धुक्यात ऐंशीच्या वर जायचं नाही, वर पाट्या लखलखत असतात, आणि कॅमेरे कुणाचं ऐकत नाहीत. सहाशे दिरहॅम, म्हणजे चौदा-पंधरा हजार रुपये, त्याच्या मनाने सवयीने हिशोब केला आणि त्याला स्वतःचीच शरम वाटली. ती पोर कुठे आणि तू कुठे. त्याने सुरेशला परत फोन लावला. खरं सांगून टाकू, त्याने ठरवलं. अगदी साधं वाक्य मनात जुळवलं: सुरेशराव, माझी चूक झाली, निवड वगैरे काही नाही, तुम्ही शाळेत जाऊ नका. "बोला सर! हबीबी, बोला!" पलीकडून आवाज आला आणि त्यामागे दहा-बारा माणसांचा कल्ला. "मॅनेजरनं स्वतः हात मिळवला बघा. मिसेसला फोन केला, शोभनाला, ती तर रडायलाच लागली. बोला." समोर एका टँकरचे लाल दिवे धुक्यातून अचानक पुढे आले, उपेंद्रने ब्रेक दाबला. "काही नाही," तो म्हणाला, "मी पण येतोय शाळेत. मी आल्याशिवाय तुम्ही कुणाला भेटू नका. खालीच थांबा." मग सुरेशचा आवाज जड झाला. "तुम्ही स्वतः येताय? दुबईहून? आमच्या मिहिकासाठी?" उपेंद्रने फोन कट केला. सारवासारव करायला गेला आणि वर आणखी एक मजला चढवून आला. उर्मिला असती शेजारी तर म्हणाली असती, तुला कुणी सांगितलं होतं निवड म्हणायला? बायकोचं हे वाक्य त्याला इतकं स्पष्ट ऐकू आलं की त्याने शेजारच्या सीटकडे पाहिलंसुद्धा.

हद्द ओलांडली आणि पाट्यांवर ऐंशी आलं. सगळा रस्ता एकाच चालीने सरकायला लागला, धोक्याचे दिवे उघडझाप करत. फिझा मॅडमचा फोन त्याने पाच वेळा लावला होता. सहाव्यांदा तिचाच आला. तिने ऐकून घेतलं आणि खालच्या आवाजात, वर्गाबाहेर उभी असणार, म्हणाली, "सर, मैंने लिखा था. आपने अंगूठा भेजा था." "हाँ मॅडम, गलती हो गई. आप बस उस लड़की को समझा दीजिए. पहले से बता दीजिए कि पापा आ रहे हैं." "मैं क्या बताऊँ? कि मैंने उसके मार्क्स आपको भेजे?" फिझाचा आवाज थरथरत होता. "मेरी नौकरी जाएगी सर. आपका क्या है. मैं इस में नहीं हूँ. आपने यह नंबर कहाँ से लिया, मुझे नहीं मालूम." आणि खलास. नंतर लावला तर फोन बंद. तिच्यावर रागवावं असं त्याला वाटलं, पण राग येईना. ती घाबरली होती, तोही घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसांच्या या साखळीच्या टोकाला एक मुलगी होती जी या क्षणी बहुधा केमिस्ट्रीच्या तासाला बसली होती आणि जिला काहीच माहीत नव्हतं. ती कशी दिसते हे आठवायचा तो प्रयत्न करत होता. नोव्हेंबरच्या फेअरला ती त्याच्या टेबलापाशी आली असेलच, सगळीच येतात. त्याने डोक्यातली सगळी तोंडं उलटीपालटी करून पाहिली: चष्मेवाली, वेणीवाली, दातांना तार लावलेली, दोन पेनं उचलून पळणारी. पण कुठल्याच चेहऱ्यावर मिहिका हे नाव बसेना. आठ वर्षं झाली या कामात आणि एकही तोंड त्याला आठवत नव्हतं, नुसत्या ओळी आठवत होत्या.

आणि हाच माणूस एके काळी साताऱ्याच्या ज्युनिअर कॉलेजात सव्वाशे पोरांना नावानिशी ओळखत होता, सांगून कुणाला खरं वाटलं नसतं. गणित शिकवायचा. सतरा वर्षं शिकवलं, मग अनुदान रखडलं, मेहुण्याने इकडे बोलावून घेतलं, आणि इकडे शाळेत नोकरी मिळेना म्हणून हे. तिकडे दर वर्षी जानेवारीत प्रिलिमचे पेपर वाटले की वर्गात सुतकी कळा यायची. मागच्या बाकावरची पोरं पेपर घडी करून खिशात घालायची, मुली वहीत तोंड खुपसायच्या. मग तो फळ्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि दर वर्षीचं ठरलेलं वाक्य म्हणायचा: "प्रिलिम म्हणजे निकाल नव्हे रे. प्रिलिम म्हणजे आपलं कुठं दुखतंय ते दाखवणारा डॉक्टर." पोरं हसायची, कारण गेल्या वर्षीच्या पोरांकडून त्यांनी ते आधीच ऐकलेलं असायचं. पण त्यातली पाच-सहा संध्याकाळी थांबायची आणि तो त्यांना एक-एक धडा सोडवून द्यायचा. आता त्याचं पोट नेमकं उलट सांगण्यावर चाललं होतं. आता तो बापांना सांगायचा, प्री-बोर्डवरून अंदाज आलाच ना आपल्याला, उगाच मुलाला बोर्डाच्या तोंडी कशाला देता, आपल्याकडे सीट आहे, टक्क्यांची अट नाही, बारावी झाली काय, नाही झाली काय. बापांच्या तोंडावरचा ताण उतरायचा. आणि पोराचे ते शेवटचे आठवडे, ज्यांत काही होऊ शकलं असतं, ते तिथेच संपायचे. कुणी त्याला दोष दिला नव्हता. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, त्याच्या सोडून. तो मात्र दर जानेवारीत ॲसिडिटीच्या गोळ्या खायचा आणि उर्मिलेला सांगायचा की बाहेरचं खाणं बाधतंय.

आठवडे किती मोलाचे असतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो स्वतः बारावीला प्रिलिमला गणितात नापास झाला होता, शंभरात बावीस. पेपर त्याने गादीखाली घातला होता आणि आठवडाभर त्याच्यावर झोपला होता. एके दिवशी वडील दळण आणायला गिरणीत गेले आणि तिथे त्यांना गणिताचे सर भेटले. ते घरी आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर पीठ बसलेलं होतं. डबा त्यांनी ओट्यावर ठेवला, हातपाय धुतले, पण तोंड धुवायचं विसरले. रात्री जेवले नाहीत. उपेंद्र भाजीत बोट फिरवत बसला होता, आता बोलतील, मग बोलतील. ते काहीच बोलले नाहीत. झोपताना फक्त म्हणाले, "परीक्षेला किती दिवस राहिलेत?" "चाळीस," तो म्हणाला. "पुष्कळ झाले," असं म्हणून त्यांनी दिवा मालवला. गिरणीत सर त्यांना काय म्हणाले होते हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मार्क सांगितले होते हे नक्की. पण मार्क सांगून झाल्यावर आणखी काहीतरी सांगितलं असणार, नाहीतर त्याचे वडील, जे साधी चप्पल तुटली तरी घर डोक्यावर घेत, ते 'पुष्कळ झाले' म्हणणारे नव्हतेच. दुसऱ्याच्या पोराची वाईट बातमी बापाला कशी सांगायची असते, ते त्या सरांना येत होतं. त्याला स्वतःला आलं नाही. त्याने 'निवड' म्हटलं.

विघ्नेशचा फोन आला तेव्हा धुकं फाटायला लागलं होतं. "सर, व्हेअर आर यू? डेस्कवर नाही." "मुसफ्फाला चाललोय. लीड आहे, ॲडमिशनची." "गुड, गुड. फॉर्म साइन करून आणा. इन्शाल्ला महिनाअखेर बारा तरी दिसले पाहिजेत, मॅनेजमेंट विचारतंय तुमच्याबद्दल." शेवटचे दोन शब्द विघ्नेशने सहज म्हटल्यासारखे म्हटले. उपेंद्रचे सात झाले होते. व्हिसा जूनमध्ये संपत होता. त्याला घाम आला, त्याने एसी वाढवला, मग थंडी वाजली, परत कमी केला. नऊ पन्नास. वेग वाढवावा तर कॅमेरा, न वाढवावा तर तो बाप. काटा नव्वदला गेला, त्याने दचकून पाय काढला, परत दाबला. पोहोचल्यावर काय करायचं हे अजून ठरलं नव्हतं. बापाला बाजूला घेऊन सांगायचं? की आधी मुलीला गाठायचं? तिला काय सांगायचं, तू मला ओळखत नाहीस पण तुझे मार्क मला माहीत आहेत? त्याच्याकडे एकच गोष्ट तयार होती, बॅगेतला फॉर्म. तो फॉर्म भरून घेतला की निवड झाली हे खरंच ठरणार होतं. कुणीच कुणाशी खोटं बोललं नाही असं होणार होतं. इतकं सोपं होतं, आणि त्या सोपेपणाचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

मुसफ्फाच्या वर्कशॉपांच्या रांगा संपून शाळांचा भाग लागला तेव्हा दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. गेटसमोर एक पांढरी पिकअप उभी होती, मागे पाइप भरलेली. म्हणजे आलाय. उपेंद्र जवळजवळ पळतच आत गेला. रिसेप्शनच्या सोफ्यावर एक बुटका, रुंद माणूस अंग चोरून बसला होता. इस्त्रीचा आकाशी शर्ट, खाली कामाची निळी पँट आणि लोखंडी टोपीचे बूट. मांडीवर मिठाईचा बॉक्स. उपेंद्रच्या गळ्यातली, कॉलेजचं नाव छापलेली ओळखपत्राची पट्टी बघून तो ताडकन उठला आणि त्याने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. "मी सुरेश. तुम्ही म्हणालात तसं थांबलो बघा, कुणाशी एक शब्द बोललो नाही. शर्ट लॉकरमध्ये असतो एक, लेबर ऑफिसला जायला लागलं तर." त्याने बॉक्स पुढे केला. "काजूकतली आहे. पंचेचाळीस दिरहॅम किलो, म्हणजे हजारच्या वर झाले, पण म्हटलं होऊ दे. आमच्या खानदानात दहावीच्या पुढं कुणी नाही सर. मी आठवी. मिरजेहून वेल्डर म्हणून आलो, आता फोरमन आहे." "सुरेशराव," उपेंद्र म्हणाला, "जरा बाहेर येता? एक बोलायचं होतं." "बोलू की! पण ती आली बघा. आत्ताच मैमुनाबीला पाठवलं होतं वर, म्हटलं पोरीला तर खाली बोलवा." शाळेतल्या आया मैमुनाबी जिन्यातून उतरत होत्या, आणि त्यांच्या मागून एक उंच, सावळी मुलगी. केस घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली काळं, एका हाताच्या बोटांना निळी शाई. उपेंद्रने तिला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. की पाहिलं होतं?

"बाबा? व्हॉट हॅपन्ड? आई ठीक आहे ना?" "अगं, सिलेक्शन झालं तुझं!" सुरेशने तिला धरून हलवलं. "दुबईच्या कॉलेजात! सर स्वतः आलेत, आणि तू घरी बोलली नाहीस!" "व्हॉट सिलेक्शन?" असं म्हणत मिहिकाने उपेंद्रकडे पाहिलं. मग तिची नजर त्याच्या गळ्यातल्या पट्टीवर गेली आणि तिथेच राहिली. उपेंद्रला त्या क्षणी जे कळलं ते दोन तासांच्या प्रवासात त्याच्या मनाला शिवलंही नव्हतं. या कॉलेजचा फोन कुणाच्या घरी जातो हे शाळेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. तिला तिचे मार्क कुणी सांगितले नव्हते. पट्टीवरच्या नावाने सांगितले. तिचा चेहरा पांढरा पडला, ओठ थोडे उघडले, हात मागे जिन्याच्या कठड्याकडे गेला. बाप हसत उभा होता, मिठाईच्या बॉक्सची दोरी सोडत. आता, उपेंद्रला वाटलं, आता ही पडणार, नाहीतर पळणार. पण मुलीने एक श्वास घेतला, बापाच्या आकाशी शर्टाकडे पाहिलं आणि म्हणाली, "ओह. दॅट. सॉरी बाबा, आय फर्गॉट टु टेल यू." इतक्या सफाईने की उपेंद्रच्या अंगावर काटा आला.

"विसरली म्हणे!" सुरेशने तिच्या तोंडात काजूकतली कोंबली. ती चावत राहिली, गिळता येत नसल्यासारखी. "आता सुटलीस बघ. सर, रात्र रात्र बसते हो ही, जेवायची शुद्ध नसते. आई म्हणते पोरगी आजारी पडेल." मग तो उपेंद्रकडे वळला, जरा लाजत, अडाण्यासारखं विचारतोय की काय अशा भीतीने. "मग आता, सर, म्हणजे निवड झालीच आहे तर, बोर्डाची परीक्षा नाही दिली तरी चालतंय का?" मिहिका चावायची थांबली. उपेंद्रचा हात बॅगेच्या चेनवर होता. उत्तर त्याला पाठ होतं, आठ वर्षं पाठ होतं: अगदी टेन्शन नको, सीट पक्की. आठवा फॉर्म. जूनचा व्हिसा. पोरीचे डोळेही तेच मागत होते, हो म्हणा, एकदाचं हो म्हणा. "नाही," तो म्हणाला. आपला आवाज एवढा मोठा का आला ते त्याला कळेना. "बोर्ड द्यावंच लागेल. सगळ्या विषयांत पास व्हावं लागेल. नाही झाली तर निवड रद्द." "हात्तिच्या!" सुरेश मोठ्याने हसला. "पास तर ती होणारच की! नापास व्हायची पोर आहे का ही?" आणि बॉक्स घेऊन तो गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याकडे आणि मैमुनाबींकडे मिठाई वाटायला गेला.

ती दोघंच राहिली. "सर, हाऊ मेनी?" तिने विचारलं. "काय?" "सब्जेक्ट्स. किती राहिले माझे?" "दोन. मॅथ्स आणि फिजिक्स." "मॅथ्स किती?" "अकरा." "आय थॉट नाइन," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं की रडू ते तिलाच समजलं नसावं. मग तिने मान वर केली. "तुमच्याकडे पास व्हायला लागत नाही. एव्हरीबडी नोज. मग असं का सांगितलं तुम्ही? ही वॉज हॅपी. इट वॉज ओव्हर." राग होता तो, स्वच्छ, सरळ राग, आणि उपेंद्रला वाटलं की आपल्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. त्याच्या तोंडात त्याचं ते जुनं वाक्य आलं, पण ते म्हणायचा हक्क आपण कधीच घालवून बसलो आहोत हे त्याला कळत होतं. "पाच आठवडे आहेत अजून," एवढंच तो म्हणाला. "फाइव्ह वीक्स इज नथिंग." "नथिंग नाही." "तुम्हाला काय माहीत?" खरंच, त्याला काय माहीत होतं? कदाचित ती पास होईल. कदाचित आपण तिच्या हातातली सुटका काढून घेऊन तिला खोल पाण्यात ढकललंय, तेही स्वतःची टोचणी शमवायला. "मॅथ्समधलं काय सुटतं तुला?" त्याने विचारलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मॅट्रिसेस. ओन्ली मॅट्रिसेस." "मग बाकीचंही सुटेल. मी गणित शिकवायचो. शनिवारी येऊ शकतो मी." ती काही बोलायच्या आत सुरेश परत आला, हातात मोबाइल.

"चला, एक फोटो. गावाकडं पाठवायचाय. सर, तुम्ही इकडं, हिच्या शेजारी. बॉक्स धर गं." उपेंद्र मिहिकाशेजारी उभा राहिला. मागे शाळेचं बोधचिन्ह होतं. सुरेश मोबाइल आडवा करत होता, उभा करत होता, डोळे बारीक करून पडद्यात बघत होता. "हसा की सर." उपेंद्र हसला. शेजारी मुलगीही हसली, दात दिसतील असं, फोटोत हसतात तसं, आणि ओठ न हलवता, फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "मी फेल झाले तर बाबांना तुम्ही सांगायचं. नॉट मी. यू." समोर तो माणूस एक डोळा मिटून, जीभ दाताखाली धरून, लेकीचं सुख त्या काचेत मावतंय का ते बघत होता. "प्रॉमिस," मुलगी हसत हसत म्हणाली.

"हो," उपेंद्र म्हणाला.

"सर, तोंड हललं तुमचं," सुरेश म्हणाला. "परत एकदा घेतो."